ट्रेमधली पेशवाई

गुढीपाडवा पंधरा दिवसांवर आला की डोंबिवलीच्या फडके रोडवर, ठाण्याच्या राम मारुती रोडवर आणि कल्याणच्या बाजारपेठेत दागिन्यांच्या ट्रेंना इतिहास चढतो. एरवी नुसती मोत्याची असलेली नथ ‘पेशवाई’ होते, तांब्याचं लॉकेट ‘शिवकालीन’ होतं, चोकरला ‘महाराणी’ म्हणतात आणि काळपट पॉलिश दिलेला हार ‘राजघराण्यातला अँटिक पीस’ ठरतो. १९९९ साली डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली. पुढे ठाणे, कल्याण, गिरगाव अशी ती पसरली आणि तिच्यामागोमाग हा बाजारही पसरला. नटण्याला हरकत कोण घेणार? नऊवारी नेसून बुलेटवर बसायचं तर गळ्यात ठुशी हवीच.

हरकत आहे ती ट्रेमधल्या चिठ्ठीला. ‘त्या घाटाची’ आणि ‘त्या काळातली’ यांत फरक आहे, ‘त्या काळातली’ आणि ‘त्या घराण्यातली’ यांत त्याहून मोठा आहे, आणि हे दोन्ही फरक दुकानात बोलताबोलता गिळले जातात. राजाचं नाव लावायला खर्च येत नाही. ते नाव शाबीत करायला कागद लागतो, आणि तो गिऱ्हाईक मागत नाही. दुसरीकडे, ज्या घरांत खरोखर शंभर-सव्वाशे वर्षांचं काही आहे, ती घरं ते मोडीत घालून नवं ‘अँटिक’ घेत आहेत. या दोन गोष्टी एकाच काउंटरवर घडतात, म्हणून त्यांचा विचारही एकत्रच करायला हवा.

शिवराईचंच घ्या. राज्याभिषेकाच्या सुमारास, म्हणजे १६७४ मध्ये, शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. होन आज इतके मोजके उरले आहेत की एखादा बाजारात आला तर त्याची बातमी होते. शिवराईचं तसं नाही. महाराजांनंतर त्यांच्या वारसांनी ती पाडली, पेशवाईत ठिकठिकाणच्या टांकसाळींनी पाडली, आणि ठसे कोरणाऱ्यांनी मजकूर तोच ठेवला. दोन आडव्या रेघांची ‘दुदांडी’ शिवराई ही उत्तरकाळातली. इंग्रजी अमल आल्यावरही दख्खनच्या बाजारात ती कितीतरी वर्षं चालत होती. म्हणजे नाण्यावर महाराजांचं नाव आहे एवढ्यावरून ते महाराजांच्या हयातीतलं ठरत नाही. गळ्यातली शिवराई अस्सल असली, तरी ती थोरल्या छत्रपतींच्या काळापेक्षा दुसऱ्या बाजीरावाच्या काळाची असण्याचा संभव पुष्कळ अधिक.

यात हिरमुसण्यासारखं काही नाही. राजा गेल्यावर दीडशे वर्षं त्याचं नाव भाजीबाजारातल्या तांब्यावर टिकतं, हे जास्त नवलाचं आहे. पण दुकानदार ते सांगत नाही. ‘महाराजांच्या काळातलं’ म्हटलं की किंमत चढते, ‘दुदांडी’ म्हटलं की गिऱ्हाईक विचारतं, म्हणजे काय? आणि त्याच ट्रेमध्ये पितळेवर पाणी चढवलेले ‘होन’ही ठेवलेले असतात. ते आठवण म्हणून कोणी घेतले तर बिघडत नाही, पण ‘जुन्या वाड्यात सापडले’ ही त्यांच्याबरोबर येणारी गोष्ट फुकटसुद्धा घेऊ नये.

खरं तर सर्वसामान्य घरात राजाशी थेट नातं सांगणारी सगळ्यात प्रामाणिक वस्तू नाणंच असते. देवघरातला राणीछाप रुपया पाहा. १८७७ नंतरच्या रुपयावर व्हिक्टोरिया ‘एम्प्रेस’ झाली, त्याआधीच्या रुपयावर ती ‘क्वीन’ आहे. वजन एक तोळा, चांदी जवळजवळ ९२ टक्के. लक्ष्मीपूजनाला तो ताम्हनात येतो, बारशाला बाळाच्या मुठीत जातो. पंचम जॉर्जची गिन्नी कित्येक आज्यांच्या हारात पदक होऊन बसली आहे. पुतळ्यांच्या माळेचा प्रवास तर त्याहून लांबचा. व्हेनिसचं सोन्याचं डुकॅट समुद्रमार्गे इथे येत असे. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख असे. आपल्या सोनारांनी त्याच्या नकला केल्या आणि करताकरता त्या आकृत्या आपल्या देवादिकांच्या झाल्या. व्हेनिसचं प्रजासत्ताक १७९७ मध्ये नेपोलियनने संपवलं. त्याचा शिक्का मात्र कोकणस्थांच्या आणि देशस्थांच्या मंगळागौरीत अजून फुगड्या खेळतो आहे. आणि ही माळ ‘खास पेशवेकालीन’ म्हणून विकली जाते!

याच रांगेत कंपनी सरकारच्या नावाची, राम-सीता किंवा मारुती असलेली तांब्याची नाणी येतात. कंपनीने असली नाणी कधीच पाडली नाहीत. तरी त्यांत ‘दैवी शक्ती’ आहे, ती तांदूळ ओढतात, असं सांगून लोकांना लाखोंना गंडवणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या अधूनमधून येतातच.

मग राजाशी संबंध कशाने सिद्ध होतो? ठाण्यातच त्याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात बांधकामासाठी खोदताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरीने शके ९३९ मध्ये, म्हणजे इसवी सन १०१७ मध्ये, दिलेल्या दानाचे ते पत्रे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात त्यांचं वाचन छापून आलं. किल्ला, वर्ष, राजा, शक, दान या सगळ्याची नोंद आहे. वस्तू स्वतः बोलते आणि ती कुठे, कधी सापडली हेही लिहून ठेवलेलं आहे. आजही ठाण्यात किंवा जुन्या कल्याणात पुनर्विकासाचा पाया खणताना हंडा लागला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. तो परस्पर वाटून घेतला की धातू उरतो आणि जागेची साक्ष कायमची जाते.

कल्याणला या बाबतीत दंतकथेचं वरदान जास्त. १६५७ मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, हा इतिहास. तिथला खजिना आणि सुभेदाराची सून ही त्यावर चढलेली गोष्ट. बाबूराव पेंटरांनी १९२४ मध्ये ‘कल्याण खजिना’ नावाचा मूकपटच काढला. त्या सुनेच्या प्रसंगाला समकालीन कागदाचा आधार नाही. पण गावाच्या नावाला खजिना एकदा चिकटला की दर चार वाड्यांमागे एका वाड्यात ‘त्यातलीच’ एखादी पेटी निघते.

कागदाचा आग्रह धरणारे संशयी, अशी एक समजूत आहे. वाघनखांच्या वेळी तिचा चांगलाच प्रत्यय आला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आली. ती साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे होती आणि त्याच्या वंशजाकडून संग्रहालयाला मिळाली, एवढी साखळी पक्की आहे. अफझलखानाच्या वेळी वापरलेली हीच का, हे पडताळता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं. इंद्रजित सावंतांसारख्या अभ्यासकांनी हाच मुद्दा मांडला तर केवढा गहजब झाला. वास्तविक संग्रहालयाची ती सावध पाटी म्हणजे नमुना आहे. जेवढं माहीत आहे तेवढं लिहिलं, पुढचं लिहिलं नाही.

दुसऱ्या बाजूला एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात राज्य सरकारने सुमारे ४७ लाखांना घेतलेली नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिच्या पात्याच्या पाठीवर सोन्याच्या अक्षरांत देवनागरीत रघूजींचं नाव आहे. इथे वाद घालायला जागाच कमी.

नागपूरकरांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबायला हवं. १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. डलहौसीने राज्य खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती-घोडे मातीमोलाने विकले गेले. जडजवाहीर कलकत्त्याला नेऊन हॅमिल्टन कंपनीमार्फत लिलावात काढलं. वृद्ध बांकाबाईंनी सामान हलवलं तर वाड्याला आग लावीन असा धाक घातला होता, ही नोंद इंग्रज इतिहासकारानेच करून ठेवली आहे. त्या लिलावातले हार, शिरपेच, कंठे आज कुठे असतील? बहुतेक कुठेच नसतील. खडे निघाले, सोनं आटलं, नव्या कोंदणात बसलं. तलवार टिकते, कारण तिला वितळवून कोणाचा फायदा नसतो. दागिना टिकत नाही, कारण त्यातला प्रत्येक भाग सुटा विकता येतो.

त्र्यंबकेश्वराच्या ‘नाशिक’ हिऱ्याचं भाग्य थोडं बरं. १८१८ मध्ये पेशवाईच्या पाडावात तो इंग्रजांच्या हाती लागला, लंडनला गेला, पैलू पाडूनपाडून ९० कॅरेटच्या आसपासचा आता ४३ वर आला आहे. तरी मालकांची यादी अखंड असल्यामुळे नाव टिकलं. त्याला १९४० मध्ये शेवटचे पैलू पाडणारा न्यूयॉर्कचा जवाहिऱ्या हॅरी विन्स्टन, आणि बडोद्याच्या सीतादेवींचे पैंजण विकत घेणाराही तोच. प्रतापसिंहराव गायकवाडांच्या या दुसऱ्या राणीने ते जडावाचे पैंजण त्याला विकले. त्याने त्यांचा हार केला आणि तो विंडसरच्या डचेसकडे गेला. १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका समारंभात डचेसच्या गळ्यातल्या हाराचं कौतुक चाललेलं असताना सीतादेवींनी हे खडे आपल्या पायात होते असं बोलून दाखवलं, आणि डचेसने हार परत केला, असं सांगतात. गायकवाडांच्या पायातलं इंग्लंडच्या माजी राजाच्या बायकोच्या गळ्यात गेलं, यावर मराठी माणसाने थोडं हसायला हरकत नसावी.

पेशवे स्वतः काय घालत होते, हे शोधायला दुकानाच्या चिठ्ठीपेक्षा चित्रं बरी. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्ये पुण्याला गेला आणि त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांना समोर बसवून रंगवलं. तो १७९५ मध्ये वारला, बहुधा ठाण्यातच. त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनिअलने पुढे पेशव्यांच्या दरबाराचं मोठं चित्र केलं. या चित्रांतून दिसते ती मुख्यतः मोत्यांची श्रीमंती. पगडीवरचे तुरे, गळ्यातल्या माळा, कानातले चौकडे, आणि हे सगळं पुरुषांच्या अंगावर. बाकीचं उत्तर दफ्तरात आहे. मराठी दरबारात जवाहीरखाना, जामदारखाना ही स्वतंत्र खाती होती. कोणा सरदाराला शिरपेच दिला, कोणाला कडं, कोणाला वस्त्रं, त्याची किमतीसकट नोंद होई. पुण्याच्या पुराभिलेखागारात ते कागद आहेत. म्हणून एखाद्या घराण्यात ‘पेशव्यांनी दिलेली कंठी’ असेल, तर तिचा माग काढण्याची शक्यता तरी असते. ट्रेमधल्या कंठीला तीही नसते.

नथीची कथा गमतीची. प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी १९३८ च्या सुमारास नथीच्या प्राचीनतेवर लेख लिहिला आणि दाखवलं की इसवी सन हजारच्या आधीच्या वाङ्मयात नाकातल्या दागिन्याचा उल्लेख मिळत नाही. ज्या दागिन्याला आपण अनादी समजतो, तो इतका अलीकडचा. आणि आजच्या ट्रेमध्ये त्याचे प्रकार कुठून आलेत पाहा. ‘बानू नथ’ आली ‘जय मल्हार’ मालिकेतून, ‘मस्तानी’ आणि ‘काशी’ आल्या २०१५ च्या चित्रपटातून. ‘पेशवाई’ त्यांच्याच शेजारी, त्याच साच्यातून, त्याच किमतीत. बानू नथ निदान आपला जन्म टीव्हीवर झाल्याचं लपवत नाही.

आता काउंटरच्या दुसऱ्या टोकाला येऊ. आईची किंवा सासूची जुनी नथ मोडायला आणली की काय होतं? तराजूवर ठेवण्याआधी मोती आणि खडे वजा होतात. ठुशीतली, बोरमाळेतली लाख वजा होते. तुटीची टक्केवारी लागते आणि उरलेल्या सोन्याचा भाव मिळतो. या हिशेबात बेइमानी नाही. सोन्याच्या बाजाराची ती रीतच आहे. पण त्या नथीत खरे बसऱ्याचे मोती असले तर? जपानी संवर्धित मोती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारात पसरले. त्याआधी गाठवलेल्या नथीत, तन्मण्यात, चिंचपेटीत आखाती समुद्रातले नैसर्गिक मोती असण्याची शक्यता मोठी, आणि आज त्यांचं मोल कित्येकदा सोन्याहून जास्त असतं. नुसत्या नजरेने ते ओळखता येत नाहीत, प्रयोगशाळेत क्ष-किरणांखाली धरावे लागतात. तेवढा खटाटोप न करता ते पुडीत बांधून हातात परत मिळतात, पुडी कपाटात जाते आणि सुनेला वाटतं की पोतीचे मणी असतील.

जुनं मोडण्याची ही घाई आजची नाही. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्णनियंत्रण आणलं. १४ कॅरेटहून चोख सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी आली आणि हजारो सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. १९६८ चा कायदा त्यावर बसला तो थेट १९९० मध्ये रद्द झाला. त्या पावशतकात घाट ठाऊक असलेले हात दुसऱ्या धंद्यांकडे वळले. आज ‘अँटिक’ म्हणून मिळतं त्यातलं बरंच साच्यात ओतलेलं असतं, ते या तुटलेल्या दुव्यामुळेही.

कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूला आहे, पण त्याच्याकडे कोणी बघत नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू, नाणंसुद्धा, पुरावशेष ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा ‘दोनशे वर्षांपूर्वीचा अस्सल पीस’ विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचाराव्यात. परवाना आहे का? आणि पावतीवर ‘दोनशे वर्षांपूर्वीचा’ हे शब्द लिहून द्याल का? बहुतेक वेळा तिथेच तो पीस दोनशे वर्षांनी तरुण होईल. हॉलमार्कचा इथे उपयोग नाही. त्यातला चोखपणाचा शिक्का सोनं किती कॅरेटचं आहे एवढंच सांगतो, वयाबद्दल आणि घराण्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

सगळ्यात खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. राजघराणं म्हटलं की ठाण्याच्या बाजाराला पुणे, कोल्हापूर, फार तर राजस्थान आठवतं. या जिल्ह्याचं स्वतःचं राजघराणं होतं. जव्हारचे मुकणे, महादेव कोळी समाजाचे, चौदाव्या शतकापासूनचे. इंग्रजी अमलात त्यांना नऊ तोफांची सलामी होती. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आलं आणि २०१४ मध्ये पालघरबरोबर वेगळं झालं. एका आदिवासी राजघराण्याच्या नावाने ट्रेमध्ये एक मणीही नाही. तीच तऱ्हा आगरी-कोळ्यांची. चेंदणी कोळीवाड्यात किंवा डोंबिवलीभोवतीच्या गावांत हळदीला बायकांच्या गळ्यात जे घसघशीत सोनं दिसतं, ते पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच घाटाचं आहे. त्याला ‘अँटिक’ कोणी म्हणत नाही, कारण त्यामागे पगडी नाही. दिनकर केळकरांनी पुण्यात आपला संग्रह उभारला तेव्हा ही चूक टाळली होती. त्यांनी मस्तानीमहालाचे अवशेष आणले, पण अडकित्ते, दिवे, कुंकवाच्या डब्याही तेवढ्याच मायेने जमवल्या.

करता येण्यासारखं काम मोठं नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. पुस्तकांची नोंद ठेवण्याची दीडशे वर्षांची सवय ज्या शहरांना आहे, त्यांनी घरोघरच्या दागिन्यांची आणि लहानसहान वस्तूंची एक छायाचित्र-नोंदवही सुरू करावी. लोक घाबरतील, हे उघड आहे. चोराची भीती खरी, म्हणून वहीत मालकाचं नाव-पत्ता नकोच, नुसता क्रमांक पुरे. आयकराची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त आहे. १९९४ च्या सूचनेनुसार छाप्यातसुद्धा विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहितेचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करत नाहीत. बहुतेक घरांचा ऐवज त्याच्या आतलाच.

दागिना घेऊन यायचीही गरज नाही. पुढून आणि मागून एकेक फोटो, मागच्या बाजूला सोनाराचा ठसा असेल तर त्याचा जवळून काढलेला तिसरा, मोती-खड्यांसकट वजन, कोणाच्या लग्नात कोणी घातला त्याचं साल, गाव आणि घडवणाऱ्याचं नाव आठवत असेल तर ते. आणि त्या लग्नाचा जुना कृष्णधवल फोटो अल्बमात असेलच. नवरीच्या गळ्यात तोच दागिना दिसत असेल, तर त्याचीही एक प्रत वहीत लावावी.